एक बोट लावलं की झालं

“डॉक्टरीणबाई, पेशंट वाचला!” मामाने स्क्रीनवर बोट फिरवलं आणि मला टाळी दिली. त्याच्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा मेलेला स्क्रीन मी बदलला होता. मी! नववीतल्या मुलीने! भंगारातल्या गाडीचा स्क्रीन, बाबांचे स्क्रूड्रायव्हर आणि यूट्यूब, बस्स!

मामा आंबोली घाट चढायला निघाला. “वर धुकं असेल रे,” आई म्हणाली. “मग काचेवर गरम हवा सोडायची. एक बोट लावलं की झालं!” तो हसला. त्या गाडीत सगळं स्क्रीनवरच, अगदी फोन उचलणंसुद्धा; बटण एकही नाही.

तासाभराने टेबल आवरताना माझ्या हाताला नखाएवढी काळी क्लिप लागली. स्क्रीनची वायर घट्ट धरणारी. ती लावायची राहिली होती. ती नसली की धक्क्यांनी वायर ढिली होते आणि स्क्रीन मनाला येईल ते दाबत सुटतो.

मी फोन लावला. लगेच उचलला गेला.

“मामा, गाडी थांबव!”

“अगं, मी फोन उचललाच नाही! दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत. हवा आपोआप बंद झालीय, काच धुरकटलीय, पुढचं काही...”

फोन कट झाला. तोही मामाने केला नव्हता.