ठासलेला सुरुंग

"भरला का सुरुंग, वहिनी?" कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या मालकांनी विचारलं.

"गच्च भरलाय. थोडी ठासणी राहिलीय."

खाणीत सगळेच तिला वहिनी म्हणत. तिचा नवरा सगळ्यांचा दादा होता. याच कातळात सुरुंग ठासताना तो गेला. पिऊन आला होता, असं मालकांनी चौकशीत सांगितलं आणि प्रकरण मिटलं. ज्या माणसानं जन्मात थेंब घेतला नव्हता, तो मेल्यावर दारुडा ठरला. वहिनीचा ऊर फुटला, पण शब्द फुटला नाही. तिनं त्याचंच काम धरलं.

आज नवे तपासनीस आले होते. मालक त्यांना इंग्रजी ऐकवत होते.

"साहेब, 'टँप डाउन' म्हणजे दडपणं. राग दडपा, बोंबाबोंब दडपा. पण शब्द निघाला आमच्या धंद्यातून, बरं का. भोकात दारू, वर ओली माती, ती दांड्यानं ठासायची. मग धमाका वर पळत नाही, आत घुसतो."

"म्हणजे दडपलं की जोर वाढतो?" साहेब हसले.

"वाढतो म्हणजे? डोंगर हलतो."

वहिनीनं लाकडी दांडा बाजूला ठेवला आणि लोखंडी पहार उचलली.

मालकांचं हसू मावळलं. "ती कशाला? ठिणगी पडेल."

"दांडा तडकलाय. तुम्हालाच घाई ना?"

पहार भोकात उतरली. दगडाला घासून खणखणली. खाली जायची वाट वहिनीच्या पाठीमागून होती. साहेब पांढरेफटक पडले.

"वहिनी, थांब."

"माझ्यामागं रडायला कोण आहे, मालक?"

पुन्हा खणखणाट.

"पहार टाक म्हणतो ना! त्याचाही जीव असाच गेला."

"ते तर पिऊन आले होते ना?"

"नव्हता प्यायला." मालकांचा आवाज चिरकला. "दांडा मोडला होता त्याचा. काम थांबू नये म्हणून मीच दिली पहार. तो नको म्हणत होता, मीच दिली. आता तरी टाक, बाई."

पहार थांबली.

"साहेब, ऐकलंत?"

साहेबांनी कशीबशी मान हलवली.

वहिनीनं बाहेर लोंबणारी वात चिमटीत धरून उपसली. तिच्या टोकाला चिकटून आली ती ओली माती. सकाळपासून तिनं त्या भोकात दुसरं काही भरलंच नव्हतं.