दाराला खराटा

"हेच का ते घर? यापायी पोरगं वाया गेलं?" आइला पडद्याकडे बघून फिसकन हसली.

खेळ उघडताना पासवर्ड कॉम्प्युटरनंच भरला होता. मग एक चौकट आली, काहीबाही विचारत. आइलानं न वाचताच 'हो' दाबलं. असल्या पोरखेळात वाचायचं काय? आता पोराचं, आर्तुचं, बाहुलं तिच्या हुकमात, चुलीपाशी उभं होतं. चूल धडधडत होती.

"बघा! घरात कुत्रं नाही आणि चूल पेटलेली. इथंही तसंच, दिवे चालू ठेवून उंडारायचा."

दोन वर्षांपूर्वी याच खोलीच्या दारात ती मुलावर ओरडली होती, "त्या घरातच जाऊन मर. या घरातून चालता हो!" गाढव खरंच गेला. नंबरही बदलला. कुणी म्हणे उत्तरेला ओउलूत आहे, कुणी म्हणे नॉर्वेत. गेला तर गेला, असं आइला कुओपिओ गावभर सांगत फिरायची, आणि फोन वाजला की हातातलं टाकून धावायची.

आता खोली भाड्यानं द्यायची होती. कॉम्प्युटर भंगारात. त्याआधी हे घर विकायचं. असल्या हवेतल्या घरालाही गिऱ्हाईक मिळतं, हे ऐकून तिनं कपाळावर हात मारला होता.

गिऱ्हाईक दारात येऊन थांबलं. तौनो नाव. स्पीकरमधून चांगला साठीचा आवाज आला. आइलानं नाक मुरडलं. म्हातारचळ, दुसरं काय!

"आत या की. दार उघडंच आहे."

"येतो, पण बाई, तुम्ही तर जाहिरातीत लिहिलं होतं, दोन वर्षं इथं कोणी फिरकलं नाही."

"नाहीच फिरकलं. तुमच्यासारखे रिकामटेकडे सोडून कोण फिरकणार?"

"मग खराटा दाराला का नाही?"

"चित्रातल्या घराला कसला आलाय खराटा!"

"आपल्या देशातली माणसं खेळातून उठताना दाराला टेकवतात," तौनो म्हणाला. "घरात कोणी नाही, हे शेजाऱ्यांना कळायला. सुट्टीतल्या तळ्याकाठच्या झोपडीला टेकवतो, तसाच. तुमच्या दाराबाहेर खिळासुद्धा आहे त्यासाठी. खराटा मात्र आत दिसतोय."

आइलानं बाहुलं वळवलं. खराटा चुलीशेजारी कोपऱ्यात उभा होता. झोपडीवरून निघताना खराटा टेकवायचं काम आर्तुचं असायचं. एवढासा होता तेव्हापासून. एकदा अर्ध्या रस्त्यातून गाडी मागं घ्यायला लावली होती त्यानं, टेकवलाय की नाही बघायला. तेव्हाही ती त्याला वेडा म्हणाली होती.

"विसरला असेल," ती म्हणाली. आवाज भलताच बारीक निघाला.

"असेल. पण ही चूल लाकूड घातल्याशिवाय घटकाभरही टिकत नाही, बाई. आत्ता इथं कोण होतं?"

पडद्याच्या कोपऱ्यात मघापासून एक ओळ लुकलुकत होती. आइलानं चष्मा लावला आणि आज पहिल्यांदाच काहीतरी नीट वाचलं.

'याच खात्यावर दुसरीकडून खेळत असलेल्या व्यक्तीला, तुमच्या सांगण्यावरून, घराबाहेर काढले आहे.'