धुराचं पाणी

दुपार कलल्यावर पाटाला पाणी आलं.

आधी कुणाचा विश्वास बसेना. पाटकरी नासारियो खोरं खांद्यावर टाकून काठाकाठानं वर चालत गेला आणि येताना धावतच आला. "आलंय. चांगलं पोटरीभर आहे." बांधावर टेकलेली माणसं उठली. कुणीतरी चिचाची, मक्याच्या आंबवलेल्या दारूची, घागर काढली, आणि तीही इतक्या पटकन, की सकाळपासून झाकून ठेवलेली असणार.

मग सगळे म्हाताऱ्या फ्रोइलानकडे वळले. डोंगराच्या उतारावरचं वाळलेलं गवत पेटवलं होतं ते त्यानं सांगितलं म्हणून. धूर वर जातो, धुराचा ढग होतो, ढगाचा पाऊस होतो. त्याच्या बापानं हेच केलं होतं आणि बापाच्या बापानंही. लावणीच्या वेळेचा पाऊस अलीकडे वाट चुकल्यासारखा वागतो, त्यामुळे यंदा जरा जास्तच पेटवलं. आठवडाभर डोंगर जळत राहिला. गावात श्वास घ्यायची पंचाईत झाली आणि आभाळ आपलं कोरडं ठणठणीत. एरवी ज्याला मानानं 'तायता', म्हणजे बाबा, म्हणायचे त्या म्हाताऱ्याला लोक कालपर्यंत तोंडावर हसत होते. "तायता, तुमचा धूर कुठल्या गावाला पाऊस पाडायला गेला?" असं विचारणारा नासारियोच होता. आता पहिला पेला त्यानंच पुढे केला.

"घ्या तायता. चुकलं आमचं."

पाटाच्या पाण्याची पहिली पाळी फ्रोइलानच्या सुनेची, देल्फिनाची होती. तिच्या पाठीवर विणलेल्या फडक्यात बांधलेली छोटी लुझमिला खोकत होती. धूर सुरू झाल्यापासून पोरीच्या छातीत घरघर होती. निलगिरीच्या पानांची वाफ झाली, छातीला चरबी चोळून झाली, पण उतार काही पडत नव्हता. देल्फिनानं आठवडाभर सासऱ्याशी धड बोलणं टाकलं होतं. सुपाची वाटी समोर ठेवायची तीही आपटून. "पाऊस येईल तेव्हा येईल, माझी पोर राहिली पाहिजे," एवढं मात्र रोज ऐकवायची, आणि तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

पण पाणी दिसलं आणि ती पळत शेतात उतरली. टाचेनं माती सारून पाटाचं दारं मोडलं. बटाट्याच्या कोंबांनी माना टाकल्या होत्या. घरातलं खायचं होतं तेही तिनं बियाणं म्हणून याच मातीत घातलं होतं. हे गेलं तर वर्षभर चुलीवर चढवायला काही नव्हतं. सरीत पाणी शिरलं तसं तिनं हातानंच ते पुढे ढकलायला सुरुवात केली.

फ्रोइलाननं पेला तसाच खाली ठेवला. वाकून ओंजळीत पाणी घेतलं. बोटं आखडावीत इतकं गार, आणि तळाशी काळी कणी. त्यानं वर पाहिलं. ढगाचं नाव नव्हतं. एरवी ज्याच्याकडे डोळे उघडून बघवत नाही ते बर्फाचं शिखर न धुतलेल्या लोकरीसारखं मळकट दिसत होतं.

तरुणपणी तो त्याच शिखरावरून बर्फ फोडून आणायचा. बाजारात त्याचे गोळे विकले जायचे. बर्फ फोडणारे वर चूल पेटवत, पण तिची राख पोत्यात भरून खाली आणत. राख बसलेला बर्फ उन्हात टिकत नाही, हे त्यांच्यातला नवखासुद्धा जाणून असे. धुरानं पाऊस येतो हेही फ्रोइलान जन्मभर जाणून होता. या दोन गोष्टी त्यानं एकमेकींशेजारी कधी ठेवल्याच नव्हत्या. म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे पावसाचं पाणी नाही," तो म्हणाला.

"मग कशाचं? चिचाचं?" नासारियो म्हणाला. लोक हसले.

"बर्फाचं आहे. आपली राख त्याच्यावर जाऊन बसली, म्हणून वितळतोय. आज पोटरीभर आलं, उद्या गुडघाभर येईल. वरचं संपलं की पाटाला काय येणार आहे? धोंडे?"

"तायता, पाणी मागितलं, पाणी आलं. आता ते कुठून आलं त्याची चौकशी लावायची का?" नासारियोनं घागर तिरकी करून आपला पेला भरला. "उद्या पलीकडचा उतार पेटवू. तिकडं गवत दाट आहे."

"मी काडी ओढणार नाही."

हसणं थांबलं. पहिली काडी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं ओढायची, असा इथला रिवाज आहे. त्यानं नाही म्हटलं तर डोंगर पेटत नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. एकानं गालात धरून चघळत असलेली कोकाची पानं थुंकून टाकली.

फ्रोइलाननं शेताकडे बोट केलं. धुराला उघड शिव्या देणारं गावात एकच माणूस होतं.

"तिला विचारा. सांग गं देल्फिना यांना. पोरीची छाती ऐकव."

देल्फिना घोट्यापर्यंत चिखलात उभी होती. पाळी संपत आली होती आणि खालच्या बाजूच्या सऱ्या अजून कोरड्याच होत्या. पाठीवर पोरीला उबळ आली. तिनं चिखलाचा हात मागे नेऊन तिला थोपटलं, उबळ थांबेपर्यंत थोपटत राहिली. सासऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"काडी ओढा, तायता," ती म्हणाली. "पोरीच्या तोंडाला मी ओलं फडकं बांधीन. ते भिजवायलाही पाणी लागतंच."