इथामारवरची ओळ

“इथामारचं लिहून झालं का रे?” मसूर निवडता निवडता सिब्याने विचारलं.

हिल्कियाचा घास हातातच राहिला. वीस वर्षं हे बहीणभाऊ रोमच्या या घरात राहत होते, आणि एवढ्या वर्षांत तिने आपल्या मुलाचं नाव त्याच्यापुढे एकदाही काढलं नव्हतं.

“झालं,” तो म्हणाला. “आज सकाळीच.”

“मग वाच की. उद्या शब्बाथ, कामाला सुट्टी; परवा तुझा ग्रंथ राजवाड्यात जाणार. तिथल्या लोकांच्या आधी त्याच्या आईने ऐकायला नको?”

“ताई, ते ग्रीकमध्ये आहे.”

“मग आपल्या भाषेत सांग. एवढा मोठा इतिहासकार झालास, आणि बहिणीला चार ओळी सांगता येत नाहीत होय?”

आई गेल्यावर सिब्यानेच त्याला लहानाचा मोठा केला होता. साठी उलटलेल्या, सम्राटाच्या पदरी असलेल्या या माणसाला ती अजून हिल्क्या म्हणायची, आणि पानात वाढलेलं संपवल्याशिवाय उठू द्यायची नाही. तोही निमूट संपवायचा. या शहरात त्याच्यावर हक्काने रागावणारं एवढं एकच माणूस उरलं होतं.

गालील प्रांतातल्या त्यांच्या डोंगरी गावाला रोमन फौजेचा वेढा पडला, तेव्हा गावाची सूत्रं हिल्कियाच्या हाती होती. तट ढासळू लागला आणि तो शरण गेला. जीव वाचला. पुढे मान मिळाला, हे घर मिळालं, लिहायला निवांतपणा मिळाला. नदीपलीकडच्या वस्तीतले त्याचेच यहुदी लोक मात्र त्याला दारात उभं करत नव्हते. तेल आणि चीज आणायला सिब्याच तिकडे जायची.

इथामारने मामाचं ऐकलं नव्हतं. आईला बायकांबरोबर घळीतून खाली पाठवून तो मागे फिरला. सिब्याने त्याला पाहिलं ते तेवढंच.

शरण आला तो शहाणा आणि लढला तो लुटारू, हा राजवाड्याचा शिरस्ता. सकाळी अंगणात येरझाऱ्या घालत हिल्कियाने लेखनिकाला खड्या आवाजात जे वाक्य सांगितलं, ते या शिरस्त्याला धरूनच होतं: ‘इथामार नावाचा एक लुटारू पळून जाताना वेशीपाशी मारला गेला.’ सांगताना त्याची जीभ जराही अडखळली नव्हती.

आता त्याने गुंडाळी उलगडली. ओळ सापडली. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती मसूर बाजूला ठेवून, हात मांडीवर घेऊन बसली होती.

“‘इथामार,’” तो वाचू लागला, “‘सिब्याचा मुलगा. चांगल्या घरचा, हसतमुख. तट ढासळू लागल्यावर त्याला घळीतून निघून जाता आलं असतं. तो गेला नाही.’”

“पुढे?”

“‘त्याने वेशीचं दार लावून घेतलं आणि पाठ टेकून उभा राहिला. दार फुटलं तेव्हा वाटेत उभा राहिला. बाया आणि लेकरं घळीतून खाली उतरेपर्यंत त्याने कुणाला आत येऊ दिलं नाही.’”

हिल्कियाची नजर गुंडाळीवर होती, पण तिच्यावरचं त्याला काही दिसत नव्हतं.

“तू पाहिलंस हे?”

“समोरच्या टेकडीवरून. त्यांच्या छावणीतून. मी तेव्हा तिथेच होतो, ताई.”

“आणि शेवटी?”

“संध्याकाळी मी त्याच्याजवळ गेलो. सगळे वार छातीवर होते. पाठीवर एकही नव्हता. मीच त्याला मूठमाती दिली, वेशीजवळच्या अंजिराखाली.”

ओढणीच्या टोकाने सिब्याने आधी आपले डोळे पुसले आणि मग, तो लहान असताना पुसायची तसे, त्याचे.

“एवढी वर्षं का नाही सांगितलंस रे?”

“तू विचारलं नाहीस.”

“मला भीती वाटायची. वाटायचं, भ्यायला असेल पोर. एकटाच होता. आणि आज वाटलं, तू ते सगळं विसरलास.”

“विसरलो नाही.”

“नाही. आता कळलं.” तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. “हे ऐकून राजवाड्यातले लोक रागावतील का रे?”

प्रश्न ऐकून तो चमकला. “रागावतील,” तो सावकाश म्हणाला. “हे घरही जाईल कदाचित.”

“जाऊ दे. नदीपलीकडे माझ्या ओळखी आहेत. तुला आत घ्यायला लावीन मी त्यांना.”

गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि दारापाशी गेली. अंगणातल्या सावलीत लेखनिक डुलक्या घेत होता. सिब्याने त्याला हाक मारली आणि स्वच्छ ग्रीकमध्ये म्हणाली, “निकानोर, शाई घेऊन आत या. सकाळची ती लुटारूची ओळ खोडायची आहे.”