रिकामे कुल्हड

ब्रह्मा घाटाच्या गल्ल्यांत बुलेट नीट वळतच नाही, म्हणून दर रविवारी सकाळी बाबा नव्या सुनेला, अवनीला, रिंग रोडलगतच्या मैदानात नेऊन वळणं शिकवतात. माझं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, काम चहा पिऊन मातीचे रिकामे कुल्हड वळणाच्या खुणा म्हणून मांडायचं. अठराव्या वर्षी मी याच बुलेटची किल्ली मागितली होती. “वळणावर पडशील,” एवढंच बाबा म्हणाले होते. आज ते अवनीला समजावत होते, “ब्रेक वळणाआधी दाबायचा, वळणात नाही. आणि कुल्हडकडे बघू नकोस. जिकडे बघशील तिकडेच जाशील.” दोन कुल्हड चाकाखाली चुरले, तरी बाबांचा आवाज चढला नाही. माझ्याशी बोलताना तो आपोआप चढतो. तिसऱ्या फेरीआधी, वळण आणखी अवघड व्हावं म्हणून, मी शेवटचा कुल्हड गुपचूप हातभर आत सरकवला. अवनीनं वेग आधीच कमी केला, मान वळवली आणि कुल्हडला न शिवता वळण घेतलं. “बढिया, बहू! एकदम बढिया!” बाबांनी टाळ्या वाजवल्या. मला आजवर एकही ‘बढिया’ मिळालेलं नाही. अवनी उतरली, हेल्मेट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. “ताई, आता तुम्ही.” बाबा हसले. “अगं, तिला कुठं आवड आहे गाडीची!” हेल्मेट आतून गरम होतं. मी ते घातलं, पट्टा लावला. “बाबा,” मी म्हटलं, “जिकडे बघावं तिकडेच जातो ना आपण? मी वीस वर्षं या बुलेटकडेच बघतेय.”