अडलेला शब्द

नानांनी दार उघडलं आणि भलतीकडेच बघत विचारलं, "को... कोण?"

उत्तराच्या हातातली पिशवी हातातच राहिली. पोटची मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि नानांना ती दिसत नव्हती.

"नाना, डोळ्यांचं हे कधीपासून? दर रविवारी फोन करते मी, एका शब्दानं बोलला नाहीत!"

नाना जन्मापासून बोलताना अडखळायचे. ते शाळेत आले की लहानगी उत्तरा मैत्रिणींपासून तोंड लपवायची. मोठी होऊन ती मोबाइल नेटवर्कच्या संशोधनात शिरली आणि तिनं तो प्रश्नच मिटवून टाकला. बोलणारा अडखळला की नेटवर्क त्याचं वाक्य त्याच्याच आवाजात पुरं करून पलीकडच्याला ऐकवायचं. म्हातारी माणसं मुलांना फोनवर काय सांगतात, हे ते लाखो घरांतल्या बोलण्यावरून शिकलं होतं. गेली दोन वर्षं नाना कसे घडाघडा बोलत होते! "सगळं बरं आहे गं, तू काळजी करू नकोस." ऐकून तिला किती हलकं वाटायचं.

आता मध्ये नेटवर्क नव्हतं. नानांची मान ताणली, ओठ थरथरले. शब्द पुरवायला उत्तराची जीभ वळवळली, ती तिनं दाताखाली धरली.

"द... दर रविवारी सां... सांगत होतो," नाना म्हणाले. "म्हणायचो, म... मला दिसेनासं झालंय. आणि तू म्ह... म्हणायचीस, 'वा नाना, छान!'"