फिल्टरची हवा

सोमवारी सकाळी दहा वाजता गुरुग्राममधल्या एका काचेच्या टॉवरातल्या कंपनीने जाहीर केलं: बाहेरचं प्रदूषण फार वाढलंय, तेव्हा दमा असलेल्या कर्मचाऱ्यांनी उद्यापासून घरूनच काम करावं.

कुमुद तडक एचआरच्या उल्हास सरांकडे गेली. "सर, मला इथेच येऊ द्या ना. इथली हवा फिल्टरची आहे, दिवसभर इन्हेलर लागत नाही. घरी खिडकीखाली हायवे आहे, रात्र बसून काढते मी."

"अगं, तुझ्याच तब्येतीसाठी केलंय यार! चलो, घरी आराम कर."

गुरुवारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सरांनी तिला दोनदा हाक मारली. मग हसून म्हणाले, "कुमुद, म्यूटवर आहेस का?"


तिचा माइक चालू होता; त्यातून फक्त हायवेचा आवाज येत होता.